एका कॅलरीचं वैराग्य

एक चमचा साखरेत साधारण २० कॅलरी असतात. तेवढ्याच वजनाच्या गुळात १९. मधे जी एक कॅलरी उरते, तिच्यावर सध्या निम्मं पुणं उभं आहे, आणि उरलेलं निम्मं त्याची हकीकत ऐकतं आहे.

‘आम्ही साखर पूर्ण बंद केली’ हे वाक्य कप समोर यायच्या आत उच्चारायचं असतं. विचारलेलं कोणी नसतं. मग ‘पांढरं विष आहे हो ते’. मग डुलकी कशी लागत नाही, पँट कशी सैल झाली, ह्याचा तपशील. आणि यजमानीण बाई ट्रे घेऊन परत वळल्या की मागून, अगदी सहज: ‘गुळाचा असेल तर घेईन अर्धा कप.’

ही एक कॅलरी आपण जरा नीट बघू. धडधाकट माणूस नुसता खुर्चीत बसून राहिला तरी मिनिटाला एक कॅलरी, किंबहुना थोडी जास्तच, खर्च होते. म्हणजे साखरेच्या जागी गूळ घालून जे साधतं, ते मिनिटभर गप्प बसूनही साधलं असतं. पण गप्प बसणं ह्या व्रताला चालत नाही. इथे व्रत राहिलं बाजूला, कहाणीच रोज सांगावी लागते. शिवाय गूळ साखरेइतका गोड लागत नाही, म्हणून चमच्याचा दीड चमचा होतो. झाल्या साडेअठ्ठावीस. ‘गूळच तर आहे, गुळाने काही होत नाही’ म्हणून दुसरा कप. झाल्या ५७. सोबत मारी बिस्किटं, कारण ती ‘हलकी’ असतात. पुड्याच्या मागे घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांत साखर बसलेली असते, पण चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. ती बिस्किटं मी मोठ्या मनाने सोडून देतो. तरीही, पूर्वी हे गृहस्थ एक चमचा साखरेचा एक कप पिऊन २० कॅलरीत उठायचे आणि घरी जायचे. आता ३७ जास्तीच्या पोटात घालतात, एक वाचवल्याच्या आनंदात पाय पसरतात आणि जेवायची वेळ झाली तरी हलत नाहीत.

‘गुळात लोह असतं’ म्हणतात. असतं की. कढईतही असतं.

‘गूळ नैसर्गिक आहे’ हे दुसरं. म्हणजे साखर काय कारखान्याच्या चिमणीत उगवते? एकाच फडातला ऊस. एक ट्रॉली कारखान्याकडे गेली, दुसरी गुऱ्हाळाकडे. गुऱ्हाळात रस काहिलीत चढतो, भेंडीच्या चिकट पाण्याने त्यातली मळी वर काढतात, गुळव्या रात्रंदिवस आगीजवळ उभा राहून तो आटवतो, मग ढेप पडते. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्या चवीला माझा दंडवत आहे. पण एवढं सगळं होऊन त्या ढेपेत शंभरातले ६५ ते ८५ भाग सुक्रोजच असतं. सुक्रोज म्हणजे तीच. जिला पूर्ण बंद केलं होतं ती.

त्यातून ह्यांना गूळ पिवळाधमक लागतो. काळा गूळ ‘बरा दिसत नाही’. मग असा देखणा गूळ कसा काढतात? काही गुऱ्हाळांत काहिलीत सरळ साखरेची पोती रिकामी होतात. गुळाला भाव जास्त आणि साखर स्वस्त, हिशेब सोपा आहे. छापे पडतात, साठे जप्त होतात, पेपरात आतल्या पानावर दोन परिच्छेद येतात. म्हणजे एक माणूस साखर सोडतो, साखरेहून महाग असलेला गूळ घेतो, आणि त्या गुळातून साखर खातो. ह्यांनी साखर सोडल्याचं साखरेला कोणी कळवलेलंच नाही.

आमच्या लहानपणी घरच्यांना गुळाचा चहा आणि पाहुण्यांना साखरेचा. रेशनची साखर डब्यात वरच्या फळीवर असायची. आता पाहुणाच गुळाचा मागतो आणि वर तो आपल्यावर उपकार असतो.

असो. गूळ हा गरीब पदार्थ आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण वेगळंच आहे. गुळाच्या चहात दूध फाटतं. हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे स्वयंपाकघरात असतात, आणि ज्यांनी साखर सोडली ते सगळे दिवाणखान्यात. म्हणून ह्या एका पुरुषोत्तमासाठी वेगळं पातेलं. चहा आधी उकळून गॅस बंद करायचा, गूळ विरघळवायचा, जरा निवू द्यायचा, मग दूध, तेही बेताचं. तरी फाटलंच तर ओतून द्यायचं आणि पुन्हा पाणी चढवायचं. बाहेर तेवढ्यात ‘मनोनिग्रह’ ह्या विषयावर व्याख्यान चालू. कोणाचा मनोनिग्रह? सकाळी डबे करून, लोकल किंवा बस गाठून, दिवसभर ऑफिसात मान मोडून आलेल्या बाईने ते पातेलं ह्यांच्या डोक्यावर ओतलं नाही, तो मनोनिग्रह. दिवाळीत तर विचारू नका. मुलांसाठी बेसनाचे लाडू साखरेचे, ह्यांच्यासाठी गुळाचे, आणि नणंदेसाठी खजुराचे, कारण तिने गूळसुद्धा सोडला आहे, ‘फक्त खजूर’. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, हे तिला कोण सांगणार? सांगितलं तर ती अंजिरावर जाईल, आणि अंजिराचा भाव बघितलात? तीन पराती, तीन डबे, तीन झाकणांवर तीन चिठ्ठ्या. आणि रात्री अकरा वाजता, घर झोपलं की, साखर सोडलेला इसम उठतो आणि तीन डब्यांतला नेमका मुलांचा उघडतो. सकाळी मुलांना ओरडा बसतो. एक माणूस साखर सोडतो तेव्हा अख्ख्या घराला सोडावं लागतं, आपली झोप, आपली रविवारची दुपार. त्याचं मात्र कुणी कुठे भाषण ठोकत नाही!

ह्याहून वाईट एक जमात आहे. मधुमेह झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पानात ‘गूळ चालतो, काका, बिनधास्त घ्या’ म्हणत पुरणपोळी वाढणारी. गूळ रक्तात गेल्यावर ‘मी गूळ आहे’ असं सांगत बसत नाही. साखर वाढायची ती वाढतेच. पुढे जखम चिघळते, नजर अधू होते, तेव्हा हे वाढपी दुसऱ्या पंगतीत तुपाची वाटी फिरवत असतात. ह्यांचं हसू येत नाही मला. ह्यांना पंगतीतून उठवलं पाहिजे.

साखर खरोखर कमी करणारी माणसं नसतात असं नाही. चहात दोन चमचे घेत असाल तर दीड करा, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. जीभ कुरकुरते आणि सवयीची होते; पुढे जुना चहा कोणी दिला तर पाकच वाटतो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी असंच केलं. घरात कोणाला पत्ता लागला नाही. ह्या पद्धतीत एवढीच मोठी खोट आहे की सांगायला काही उरत नाही, आणि म्हणून ती लोकप्रिय होण्याची शक्यता शून्य.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. चेहऱ्यावर नवं तेज.

‘गूळही सोडला,’ म्हणाले.

मला भरून आलं. म्हटलं, ‘मग चहा कोरा, बिनगोडाचा?’

‘छे हो! घरात काकवी असेल ना?’

आतून पातेलं आदळल्याचा आवाज आला.