बालवर्गाकडे न फिरकणाऱ्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

मुख्याध्यापक सर,

तुमचं आणि शाळेचं नाव इथे लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतीलच, आणि स्वतःला ओळखणारे मुख्याध्यापक तुमच्याशिवायही बरेच निघतील. दहावीच्या निकालाचा फ्लेक्स तुम्ही फाटकावर वर्षभर उतरवत नाही. त्याच फाटकातून रोज सकाळी तीन-तीन वर्षांची मुलं आत येतात आणि जिन्यामागच्या कोंदट खोलीत जातात. त्या खोलीत तुम्ही शेवटचे कधी बसला होतात? राउंड मारताना दारातूनच ‘ए, शांत बसा’ म्हणून पुढे गेलात, ते मी धरत नाही.

माझी नात तुमच्या छोट्या गटात आहे. तिला चार रेघी वही आणायला सांगितली आणि पहिल्या महिन्यातच पानभर अक्षरं गिरवायचा गृहपाठ सुरू झाला. सर, माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माला येताना ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. मग वर्षावर्षांनी एकेक हाड तयार होतं. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात बहुधा त्यातली निम्मीही झालेली नसतात. हा हात माती मळायला, मणी ओवायला, कागद फाडायला, वाळूत बोट फिरवायला आसुसलेला असतो, आणि पुढे पेन्सिल पेलण्याची ताकद त्याला त्यातूनच येते. तुम्ही त्याला रेघांच्या मध्ये कोंबलंत. रेघेबाहेर गेलेल्या अक्षरावर लाल फुली मारायची रीतही तुमच्याच शाळेची.

‘पालकच मागतात हो,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. मागतात, खरं आहे. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात म्हटल्यावर आईबापाचा जीव खालीवर होतो. पण त्यांना समजावून सांगायचं कुणी? पालकसभेत तुम्ही बस, गणवेश आणि फी यांवर तासभर बोलता. चार वर्षांचं मूल भातुकलीत काय शिकतं, यावर पाच मिनिटं तरी बोललात का? फीबद्दल तुमचा शब्द पालक मुकाट मानतात. खेळाबद्दलचाही मानतील, तुम्ही तो उच्चारलात तर.

प्रवेशाच्या वेळी मुलांना रंग आणि फळं विचारता ना? बालवर्गाच्या प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने 1993 मध्येच सांगितलं होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशी चाळणी लावणाऱ्या शाळेला पहिल्या खेपेस 25 हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण तो हक्क सहा ते चौदा वयाचा, आणि सहाच्या आतल्या मुलांपाशी जी फट उरली, तिच्यात तुम्ही खुर्ची टाकून बसलात.

आणि ती बालवर्गाची ताई! शाळेत सगळ्यांत कमी पगार तिचा. परीक्षेला माणूस कमी पडला की पहिलं बोलावणं तिला, आणि मग दोन वर्गांची मुलं एका खोलीत. तिला प्रशिक्षणाला पाठवायचं म्हटलं की तुमच्याकडे पैसे नसतात. फ्लेक्सला असतात.

तुम्ही ज्या राज्यात ही खुर्ची उबवता, तिथेच बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे अनुताई वाघांसोबत त्यांनी विकासवाडी उभी केली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, एकमेकांना जोडून. साधनं म्हणजे बिया, पानं, शंख-शिंपले. आदिवासी पाड्यांवरच्या पोरांसाठी त्या दोघींना हे जमलं. तुमच्याकडे पक्की इमारत आहे, तरी बालवर्ग आणि पहिली यांच्यात तुम्ही भिंत बांधून ठेवली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला. तुमच्या शाळेत पहिलीच्या बाई आणि बालवर्गाच्या ताई एका टेबलाशी बसून कधी बोलल्यात का? ‘हा मुलगा गोष्ट छान सांगतो, पण घोळक्यात बुजतो,’ एवढं एक वाक्य पलीकडे पोचलं असतं, तर कितीतरी मुलांचा पहिलीतला जून रडण्यात गेला नसता.

हे सगळं तुमच्या सहीने बदलतं, म्हणूनच राग तुमच्यावर आहे. आठवड्यातून अर्धा तास त्या खोलीत सतरंजीवर बसा, वही-पेन न घेता. बालवर्ग जिन्यामागून काढून मैदानाकडच्या खोलीत आणा. वाळूचा हौद आणि पाण्याचा टब ठेवा. कपडे मळतील, ते आम्ही धुऊ. ताईंना पहिलीच्या बाईंबरोबर आठवड्याला एक तास ठरवून द्या आणि त्यांच्या वर्गाला हात लावू नका, परीक्षा कुणाचीही असो. तुमच्या कुंपणापलीकडे अंगणवाडी भरते. तिथल्या सेविकेला महिन्यातून एकदा चहाला बोलवा. तिची मुलंही उद्या कुठल्या तरी पहिलीत बसणार आहेत. आणि मुलांना घरच्या भाषेत बोलू द्या. मराठीत पाणी मागितलं म्हणून गप्प बसवलेलं मूल तुमच्या शाळेत आहे, मी ते पाहिलं आहे.

वह्यांची ऑर्डर तुम्ही मे महिन्यात देता, असं ऑफिसात कळलं. यंदा छोट्या गटाच्या चार रेघी वह्या त्यातून वगळा, आणि का वगळल्या ते जूनच्या पालकसभेत स्वतः सांगा. मी पहिल्या रांगेत असेन.

छोट्या गटातल्या एका मुलीची आजी