कुपाटीवरचा टायर

"काकू, कवाधरून टर्र-टर्र वाजायलंय तुमच्या मोबाइलात?"

"भाच्यानं व्हिडिओ धाडलाय पुण्याहून. त्याच्या साइटवर लोखंड बांधायची मशीन आलीय. नाव टायर म्हणं."

"टायर? गाडीचा?"

"मीबी तेच म्हणलं! तर म्हणतो, मावशी, टाय म्हंजी बांधणं, म्हणून टायर. जपानच्या मॅक्स कंपनीनं पयली बॅटरीवाली १९९३ लाच काढली. आताची बघ, तोंड गजांच्या फुलीवर टेकवायचं, घोडा दाबायचा. तार आपोआप फिरती, पीळ बसतो, तुटती. अर्ध्या सेकंदात मोकळं."

"आन आमचे दोघं फिटर फटफटीत उजाडल्यापून वाकलेत. नरसिंह जयंतीला पाव्हणे येणार, त्याच्या आत स्लॅब पडाया पाह्यजे. वीस बाय तीस, सहा इंचावर गज. पोरानं वहीत मांडलं, ४१ गुणिले ६१. फुल्या अडीच हजाराच्या वर एक!"

"समद्या बांधायल्यात का?"

"कडंच्या समद्या, मधल्या एक सोडून एक. मी बघत बसले ना काल. तारंचा तुकडा दुपदरी करायचा, गजाखालून तिरपा घालायचा, आकडी अडकवून मनगटाला दोन-तीन हिसके. एक जादा झाला की कटकन तुटती, पुन्हा नवी तार. दुपारी तर ऊन गजाला हात लावू देईना."

"गाठीनं स्लॅबला बळ येत नसतं बरं. काँक्रीट आळंस्तोवर गज जागचा हलू नये, एवढंच तिचं काम. पर टोकं वर मोडून घे बाई. आमच्या वसरीचं छत बघ, तांबूस ठिपके. मिस्तरीनं टोकं खाली सोडली, प्लास्टरातून गंज फुटला."

"मग आणावी का मशीन?"

"एका स्लॅबासाठी? तिला रिळावरची येगळीच तार लागती. दुकानातली किलोवरची चालत नाही. आन लई जाड गजांना तोंड पुरत नाही म्हणं, तिथं पुन्हा आकडीच."

तेवढ्यात थोरला फिटर पाणी प्यायला खाली आला. तांब्या तसाच हातात, कुपाटीवरून मोबाइलात डोकावला. डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राह्यला. व्हिडिओ संपला.

"पुन्यांदा लावा की, काकू."

काकूनं लावला. तिसऱ्यांदाबी लावला.