गेली ती कशानं गेली?

अमेरिकेत नोकरी गेलेल्या कामगाराला सरकार एक प्रश्न विचारायचं. घरभाडं भरलंस का, पोरांची फी भरलीस का, असला नाही. गेली ती कशानं गेली?

'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स' असं त्या योजनेचं भारदस्त नाव. केनेडींच्या काळात, 1962 साली निघाली. हिशेब सरळ होता. जकात उतरवली की बाहेरचा स्वस्त माल येणार, काही कारखाने बुडणार. तर ज्यांचं बुडेल त्यांना सरकारनं हात द्यायचा. नवं काम शिकायला पैसे, शिकेपर्यंत भत्ता, दुसऱ्या गावी नोकरी लागली तर बिऱ्हाड हलवायचा खर्च. वाचून गहिवरून यावं. अट एवढीच की, मुख्यतः जकात उतरवल्यामुळे आयात वाढली आणि मुख्यतः त्या आयातीमुळे नोकरी गेली, हे दाखवून द्यायचं. पहिली सात वर्षं एकाही कामगाराला ते दाखवता आलं नाही. 1969 उजाडेपर्यंत मंजूर अर्ज शून्य. कामगार संघटनावाले या योजनेला 'अंत्यविधीचा विमा' म्हणत. सुरुवातीला तर विमेवाले मयतच मान्य करत नव्हते.

मग 1974 मध्ये नवा कायदा आला, अट सैल झाली. आयात हे 'महत्त्वाचं' कारण असलं की पुरे. महत्त्वाचं म्हणजे किती? त्याची व्याख्या कायद्यातच दिली आहे: जे कारण महत्त्वाचं आहे, पण इतर कुठल्याही कारणापेक्षा अधिक महत्त्वाचं असलंच पाहिजे असं नाही, ते. हे वाक्य लिहिणारा माणूस आपल्या मंत्रालयात उपसचिव म्हणून सहज खपला असता.

अर्ज करायला तीन कामगार पुरत. तिघांनी सह्या ठोकल्या की वॉशिंग्टनचं कामगार खातं चौकशीला लागायचं. आधी कंपनीकडे कागद, मग कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे प्रश्नावली. यांच्याकडून माल घेणं कमी केलंत का? त्याच्या जागी बाहेरच्या देशाचा घेतलात का? म्हणजे वीस वर्षं मागावर उभ्या राहिलेल्या बाईचं पुढचं आयुष्य कुठल्याशा दुकानसाखळीच्या खरेदी विभागातल्या कारकुनाच्या हातात. त्यानं 'परदेशी घेतला' असं भरलं तर बाई पात्र. शेजारच्या राज्यातून घेतला म्हणाला तर अपात्र. कारखान्यात नवं यंत्र आलं आणि दहा माणसांचं काम एकटं करायला लागलं, तर दहाही अपात्र. यंत्र परदेशी नसतं, प्रगती असते. हे 'पात्र-अपात्र' विदर्भ-मराठवाड्यात समजावून सांगायला नको. तिथे गळफास घेतलेल्या शेतकऱ्यालाही तो शेरा सरकारी कमिटीकडून मिळवावा लागतो.

ज्यांना शेरा मिळाला त्यांचंही बघू. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅनापोलिस म्हणजे टॉवेल-चादरींचं गाव, अख्खं गिरणीनं वसवलेलं. 30 जुलै 2003 ला पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि त्या एका राज्यातच चार हजारांहून जास्त माणसं घरी बसली. अर्ज मंजूर झाले. चाळिशी-पन्नाशीतली माणसं कॉलेजच्या बाकावर जाऊन बसली. त्यांतल्या कित्येकांची शाळाही पुरी झालेली नव्हती. गिरणी पाडली. त्या जागेवर काय उभं राहिलं असेल? लालबाग-परळवाल्यांनी उत्तर देऊ नये, त्यांना पेपर आधीच फुटलाय. तिथे मॉल नाही, जैवतंत्रज्ञानाचं संशोधन संकुल आलं, एवढाच काय तो फरक.

पण खरी रंगत आली ती सॉफ्टवेअरवाल्यांच्या अर्जांत. 2000 नंतर तिकडच्या प्रोग्रामरांची कामं भारतात यायला लागली (हिंजवडीत ज्यांचे फ्लॅट त्या सुमारास बुक झाले, त्यांनी जरा इकडे लक्ष द्यावं). त्यांनीही अर्ज टाकले. खातं म्हणालं, कायदा 'वस्तू' बनवणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही वस्तू कुठे बनवता? सॉफ्टवेअर सीडीवर भरून खोक्यात आलं तर वस्तू. तारेतून आलं तर नाही. म्हणजे बंगलोरहून कुणी चार सीड्या खिशात टाकून विमानात बसला असता, तर समुद्रापलीकडची अर्धी कचेरी पात्र ठरली असती! प्रकरणं न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेली, न्यायाधीशांनी कान उपटले, आणि 2006 मध्ये खात्यानं कबूल केलं की हाताला न लागणारी वस्तूही वस्तू असू शकते. आपले वेदान्ती हे फुकटात सांगत होते.

सेवा क्षेत्रातल्या नोकरदारांची तर संगीत खुर्ची झाली. 2009 मध्ये आत, 2014 मध्ये बाहेर, 2015 मध्ये परत आत, 2021 च्या जुलैत परत बाहेर. दर वेळी कायद्याची मुदत संपे आणि जुने नियम उठून बसत. अर्जाच्या क्रमांकावरून ठरायचं की कुठल्या सालचे फायदे मिळणार. लॉटरीचं तिकीट निदान रंगीत तरी असतं.

1 जुलै 2022 पासून तीही कटकट मिटली. योजनेची मुदत संपली आणि तिथल्या संसदेनं ती वाढवली नाही. नवा अर्ज घ्यायचा नाही, पडलेल्या अर्जावर निकाल द्यायचा नाही. माणसाला अपात्र ठरण्याचीही सोय उरली नाही.

2 एप्रिल 2025 ला ट्रम्पसाहेबांनी व्हाइट हाउसच्या बागेत भलाथोरला तक्ता हातात धरून, कामगारांच्याच नावानं, जगभरच्या मालावर जकात लावली, तेव्हाही ती खिडकी बंदच होती. ऑगस्टअखेर भारताच्या बहुतेक मालावरची जादा जकात 50 टक्क्यांवर गेली. त्यात टॉवेल आले.

आता सोलापूरच्या एखाद्या टॉवेल कारखान्यातल्या माणसाला मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नको, आणि त्यानं कॅनापोलिसवाल्यांचा तो जुना अर्ज कुठूनसा मिळवून भरायला घेतला, तर गडी पहिल्याच रकान्यात अडायचा.

"नोकरी आयातीमुळे गेली का?"

"नाही साहेब. त्यांची आयात थांबली म्हणून गेली."