कंट्रोल ए

कंट्रोल आणि ए ही दोन बटणं एकदम दाबली तर काय होतं? लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसलेल्या तिघांना विचारून बघा. डीटीपी करणारा म्हणेल, सगळा मजकूर सिलेक्ट होतो. टॅलीवाला म्हणेल, व्हाउचर सेव्ह होतं. आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये रमणारा भाचा म्हणेल, कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो. तिघंही बरोबर, आणि तिघंही उरलेल्या दोघांची मनातून कीव करणारे.

मला टॅलीवाल्यांचं विशेष कौतुक. त्यांचा माउस बहुधा शोभेचा. लेजर, एन्टर, रक्कम, एन्टर, नॅरेशन, एन्टर, आणि नजर मात्र पडद्यावर नाही, बिलावर. अशा माणसापुढे नवा, चित्रांनी सजलेला प्रोग्रॅम ठेवला की तो खचतो. "दिसायला छान आहे हो, पण दर नोंदीला हात उचलून माउस धरायचा? मार्च अखेरीला?" तिकडे प्रोग्रॅम बनवणारे सांगत असतात, हा कोणालाही सहज जमेल. कोणालाही म्हणजे त्यांच्यासारख्या कोणालाही, एवढंच सांगायचं राहतं.

कंट्रोल सीचं तर जुनं भांडण आहे. युनिक्सच्या जगात त्याचा अर्थ 'चाललंय ते थांबव'. 1984 च्या मॅकिंटॉशने कॉपीसाठी सी घेतला, पण त्याच्या जोडीला कमांड हे वेगळं बटण दिलं, त्यामुळे तिथे दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. विंडोजमध्ये तोच सी कंट्रोलच्या गळ्यात पडला. ती सवय घेऊन लिनक्सच्या टर्मिनलवर बसलेला नवखा एरर मेसेजची ओळ कॉपी करायला जातो आणि तासभर चाललेलं काम बंद पाडतो. कॉपीसाठी तिथे मध्ये शिफ्टही दाबावं लागतं, हे त्याला नंतर कळतं.

भाचाही यातून सुटत नाही. ब्राउझरमध्ये लांबलचक अर्ज भरताना एक शब्द चुकला की त्याची बोटं आपसूक कंट्रोल डब्ल्यूवर जातात. टर्मिनलमध्ये त्याने मागचा एक शब्द पुसला जातो. इथे अख्खा टॅब मिटतो, अर्जासकट. तरी तो चूक ब्राउझरचीच मानतो. टर्मिनल आधीचं, म्हणजे मान त्याचा!