अजून मुरायचीय

बापूकाकांकडे गेलं की चहाच्या आधी तळघर. डेट्रॉइटच्या उपनगरातली थंडी, अंगावरचा बर्फ झटकून होत नाही तोच काका म्हणतात, "आधी खाली चल. बोलतेय ती."

ती म्हणजे बिअर. पाच गॅलनचा काचेचा बुधला, त्याच्या तोंडाशी एअरलॉक, आणि त्यातून थोड्या थोड्या वेळाने येणारा एक बुडबुडा. काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. "मिनिटाला बारा. काल वीस होते." मग आपणही चेहरा गंभीर करून तेराव्याची वाट बघायची असते.

काकांचा जन्म गिअरबॉक्समध्ये गेला. पुण्याहून आले ते मोटारीच्या कारखान्यात, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय हा काकूंना पडलेला प्रश्न यीस्टने सोडवला. प्रत्येक घाण्याची एक्सेलमध्ये नोंद असते: माल्ट कोणता, हॉप्स कोणते, उकळायला ठेवल्यापासून कितव्या मिनिटाला घातले. हायड्रोमीटरने सुरुवातीला १.०५० दाखवलं आणि शेवटी १.०१०, तर वजाबाकी करून १३१ने गुणायचं, की मद्यार्काचे टक्के निघतात. सव्वापाचच्या आसपास. हा गुणाकार पाहुण्याने तोंडी करायचा, त्याशिवाय ग्लास मिळत नाही.

हा माणूस म्हणे सदाशिव पेठेत आजीच्या सोवळ्याला कंटाळून मुद्दाम तिला शिवायचा. आज उकळून गार केलेल्या वर्टजवळ, म्हणजे माल्टच्या काढ्याजवळ, फिरकायची कुणाची टाप नाही. चमचे, नळ्या, बुचं, कोपरापर्यंत हात, सगळं सॅनिटायझरमध्ये बुडवून निघतं. मी एकदा नुसता टेबलाला टेकलो तर "शिवू नकोस!" म्हणून ओरडले. रानटी यीस्ट किंवा बॅक्टेरिया शिरले की सगळा घाणा आंबट, हे कारण खरंच आहे. पण काकू जिन्यातून म्हणाल्या, "आजेसासूबाईंना आज धन्य वाटलं असतं."

जिमी कार्टर हे काकांचं दैवत. १९७८ साली त्यांनी सही केली आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने घरच्या बिअरवरचा कर उठला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. काकू थेंबाला शिवत नाहीत, पण कायद्याच्या हिशेबात १०० गॅलन त्यांच्यामुळे आहेत. "लग्नाचे फायदे असतात रे," काका म्हणतात. पुण्यातल्या धाकट्या भावाला हे सगळं शिकवायची त्यांची फार इच्छा, पण तिकडे परवान्याशिवाय घरी दारू करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. त्यामुळे भावाला फक्त फोटो जातात.

आता चवीबद्दल. पर्वती पेल एल खरोखर छान असते. आमसुलं घालून केलेली आंबट बिअर एकदा प्यावी, एकदाच. जुलैत ट्रॅव्हर्स सिटीच्या आंबट चेरी आणून काका वाइनही लावतात, ती वर्ष झालं तरी "अजून मुरायचीय." आणि मुळा-मुठा स्टाउट. हे नाव वाचून पुण्याचा माणूस ग्लास खाली ठेवतो, हे काकांना अजून कळलेलं नाही.

काका श्रावण पाळतात. म्हणजे पीत नाहीत, करतात. "श्रावण मला आहे, यीस्टला नाही." त्यामुळे गटारीला मित्रांना बोलवायचं आणि उरलेल्या बाटल्या महिनाभर ठेवून द्यायच्या, ही रीत. एका वर्षी मात्र स्टाउट गटारीला हवीच म्हणून आंबणं थांबायच्या आधीच त्यांनी ती बाटल्यांत भरली, वर फेसासाठीची नेहमीची साखर घातली. यीस्टला काय, आधीची साखर आणि ही साखर दोन्ही गोड. वायू साठत गेला. श्रावणात वरच्या मजल्यावर सत्यनारायण चालू होता. चौथ्या अध्यायात कलावतीच्या नवऱ्याची नौका दिसेनाशी व्हायला आणि खालून धडाड धडाड आवाज यायला एकच गाठ पडली. गुरुजी थांबले. काकूंनी पदर सावरत शांतपणे सांगितलं, "पुढे वाचा. मुळा-मुठेला पूर आलाय."

काका स्वतः पितात किती? अर्धा ग्लास, तोही तुमच्या तोंडाकडे बघत. पहिला घोट उतरायच्या आत, "खरं सांग हं, वाईट वाटून घेणार नाही." खरं सांगितलं की वाईट वाटतं. मग ते पाण्यातल्या क्षारांना दोष देतात आणि निघताना सहा बाटल्या हातात देतात. तपकिरीच, हिरव्या काचेतून उजेड लागला की बिअरला वास येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. बिअर कशी लागली, हे विचारायला नव्हे.

"रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्यास ना? साबण नको लावूस, फेस बसत नाही. आणि बाटल्या परत आण, रविवारी नवा घाणा आहे."