डेट्रॉइट ते ह्यूस्टन, व्हाया रिकामे डबे

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन ही हायस्कूलच्या मुलांची यंत्रस्पर्धा. संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये ती भरवणारी संस्था काढली आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर गावी एका शाळेच्या जिममध्ये पहिले सामने झाले. संघ होते 28. आता एकट्या मिशिगन राज्यात पाचशेच्या आसपास संघ आहेत. हा मोटारी बनवणारा मुलूख असल्याने इथे गल्लीगल्लीत इंजिनियर सापडतो, आणि त्याला संध्याकाळी घरी बसू द्यायचे नाही यावर शाळेचे आणि घरच्यांचे एकमत असते. डेट्रॉइटच्या नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच. त्यामुळे ड्रिल मशीनपाशी 'अरे, हात काढ आधी!' ही सुरक्षासूचना मराठीतूनही दिली जाते.

हंगामाचा नारळ जानेवारीच्या सुरुवातीच्या एका शनिवारी फुटतो. त्या दिवशी सगळ्या संघांना एकाच वेळी त्या वर्षीचा खेळ सांगितला जातो. 2024 च्या खेळाचे नाव होते क्रेसेंडो. रोबोटने फोमच्या नारिंगी कड्या उचलायच्या, 'स्पीकर' नावाच्या उंच खिडकीत भिरकावायच्या किंवा 'अँप' नावाच्या फटीत अलगद सरकवायच्या, आणि वेळ संपता संपता साखळीला लोंबकळायचे. खेळाचा व्हिडिओ काही मिनिटांचा आणि नियमांचे पुस्तक शंभराहून अधिक पानांचे असते. व्हिडिओ सगळे पाहतात. पुस्तक वाचणारी संघात एखादीच मुलगी असते. जानेवारीत ती कोणालाच आवडत नाही आणि मार्चमध्ये तिच्यावाचून कोणाचेच पान हलत नाही.

2024 च्या नियमानुसार बॅटरी आणि बंपर सोडून रोबोटचे वजन 125 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 57 किलोंच्या आत हवे होते. ते पहिल्या खेपेला कधीच बसत नाही. मग महिनाभर घाम गाळून बनवलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना भोके पाडण्याचा कार्यक्रम सुरू होतो, आणि रोबोट जितका चाळणीसारखा दिसेल तितका तो नियमाजवळ येतो. 2019 पर्यंत साधारण सहा आठवड्यांनी रोबोट प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करावा लागे. 2020 च्या हंगामापासून ती अट गेली. मुलांना आनंद झाला. सहा आठवड्यांनी तरी पोरगा जेवायच्या वेळेला घरी दिसेल, ही आयांची आशा मात्र मावळली.

यंत्र उभे राहते ते पैशावर. नाव नोंदवण्याचेच सुमारे 6000 डॉलर पडतात. त्यात मोटारी, वायरी वगैरे काही सामान आणि मिशिगनमधल्या दोन जिल्हास्तरीय स्पर्धा येतात. बाकीचे सुटे भाग, हॉटेल, बस, टी-शर्ट हे वेगळे. राज्य स्पर्धेची फी वेगळी आणि जागतिक स्पर्धेची त्याहून वेगळी. सरकारी अनुदान मिळते, पण पुरत नाही. म्हणून पॅनकेकची न्याहारी, स्पॅगेटीचे जेवण, केकविक्री आणि मोटारी धुणे हे उद्योग चालतात. जेवणाची तिकिटे घेतात मुलांचेच आईवडील, स्वयंपाक करतात तेच, आणि जेवतातही तेच; तरी संध्याकाळअखेर नफा दिसतो.

प्रायोजकांकडे जाताना मुले इस्त्रीचे कपडे घालतात. दातांचा डॉक्टर, पिझ्झावाला, विमा एजंट, मोठ्या कंपनीचा जनसंपर्क विभाग असे फिरत फिरत तेच दोन मिनिटांचे भाषण ऐकवले जाते. देणगीच्या मानाने टी-शर्टच्या पाठीवर नावाचा आकार ठरतो. हंगाम चांगला गेला की पाठीवर रिकामी जागा उरत नाही आणि शाळेचे नाव पुढे खिशाएवढ्या जागेत येऊन बसते.

खास मिशिगनचा मार्ग म्हणजे रिकामे डबे. सोडा किंवा बिअरच्या प्रत्येक डब्यामागे या राज्यात 10 सेंट अनामत घेतात आणि डबा परत केला की ती मिळते. मुले दारोदार जाऊन डबे मागतात. हिशोब सरळ आहे: 6000 डॉलर म्हणजे 60,000 डबे. पण एका माणसाला दिवसाला 25 डॉलरपेक्षा जास्त परतावा न देण्याची मुभा कायद्याने दुकानदाराला दिलेली आहे. म्हणजे माणशी रोज 250 डबे. तीस मुलांच्या संघाने रोज न चुकता रांग लावली, तर काम आठ दिवसांत उरकते. दुकानातल्या यंत्रात डबा एकेक करून सारावा लागतो. ते बारकोड वाचते आणि चेपलेला डबा तोंडावर परत फेकते. तळाशी राहिलेली शिळी बिअर बाहीतून कोपरापर्यंत उतरते. एकविसाव्या वर्षापर्यंत ज्यांना बिअर विकत घेता येत नाही, त्यांची फी अशी बिअरवर भरली जाते. शेजारच्या ओहायोत अनामतीची पद्धत नाही आणि तिथले डबे आणून इथे पैसे घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा ओहायोत मावशीकडे गेलेल्या मुलाला हात हलवत परत यावे लागते.

मार्चमध्ये प्रवास सुरू होतो. स्पर्धा बहुतेक शाळांच्या जिममध्ये भरतात आणि जिम कुठल्याही टोकाला असू शकते. डेट्रॉइटकडच्या संघाने एस्कनाबा हे गाव निवडले, तर उत्तरेला सातेक तास जावे लागते. वाटेत 1957 मध्ये खुला झालेला, सुमारे पाच मैल लांबीचा मॅकिनॉ पूल लागतो. त्याच्या आतल्या मार्गिकेला डांबराऐवजी लोखंडी जाळी आहे आणि तिच्यातून खालचे पाणी दिसते. वारा सुटला की उंच वाहनांना थोपवतात, वरून बर्फाचे सुळके पडू लागले की पूलच बंद करतात. अशा वेळी रोबोटचा ट्रेलर अलीकडे आणि तो जोडायची हत्यारे पलीकडे राहण्याचा योग असतो. पूल ओलांडल्यावर मांस आणि बटाटा भरलेली पेस्टी विकणारी दुकाने सुरू होतात, आणि शाकाहारी मुलाच्या डब्यातल्या थेपल्यांना अचानक भाव येतो.

स्पर्धेच्या जागी प्रत्येक संघाला दहा फूट बाय दहा फुटांचा कोपरा मिळतो. त्याला पिट म्हणतात. संरक्षक चष्म्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे आजोबा चष्म्यावर चष्मा चढवून नातवाचे कौतुक करतात. रोबोटची गाडी निघाली की ढकलणारी मुले 'रोबोट! रोबोट!' असे ओरडत, स्टेशनावरच्या हमालांप्रमाणे वाट मोकळी करत जातात. मध्येच ध्वनिक्षेपकावरून कोणाला तरी अमुक मापाची साखळी हवी असल्याची हाक येते. ती बहुधा पुढच्याच सामन्यातला प्रतिस्पर्धी देतो. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेत रुजवलेली सभ्यता ती हीच: दिलेल्या साखळीनेच मार खायचा आणि वर अभिनंदनही करायचे.

सामना साधारण अडीच मिनिटांचा. तीन रोबोट लाल, तीन निळे. पहिली काही सेकंदे रोबोट स्वतःच्या बुद्धीने चालतो. याच काळात तो भिंतीवर जाऊन आदळतो. बाकीचा वेळ मुले चालवतात. रोबोट जागीच थिजला, तर बॅटरीची जोडणी सैल झाल्याचे निदान प्रेक्षकांतले सगळे बाप एकदम करतात. एका जिल्हा स्पर्धेत पात्रतेचे बारा सामने, दोन स्पर्धांत चोवीस. म्हणजे वर्षभराच्या खटाटोपानंतर रोबोट साधारण तासभर खेळतो, तोही बंद पडला नाही तर.

गुण जमले की सॅगिनॉ व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीत राज्य स्पर्धा, आणि तिथून एप्रिलमध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये जागतिक स्पर्धा. तिथे संघांची आठ गटांत वाटणी होते आणि गटांना न्यूटन, गॅलिलिओ, क्युरी अशी नावे असतात. अंतिम मैदानाचे नाव आइनस्टाइन. 'न्यूटनमध्ये हरलो' हे वाक्य ऐकून घरची आजी मुलाचा भौतिकशास्त्राचा निकाल काय लागला ते विचारते. मुंबईच्या संघाला 2024 पर्यंत भारतात अधिकृत स्पर्धाच नसल्यामुळे पहिल्याच सामन्यासाठी विमान धरावे लागे. त्या मानाने मिशिगनवाल्यांचे रडगाणे फार मनावर घेण्यासारखे नाही.

मे महिन्यात हिशोब होतो. रोबोटच्या मोटारी पुढच्या वर्षासाठी काढून ठेवतात. सांगाडा 4 जुलैच्या मिरवणुकीसाठी राखतात. बारावीची मुले कॉलेजला जातात. कोण्या अनोळखी दातांच्या डॉक्टरकडे न लाजता 500 डॉलर कसे मागायचे, हे इंजिनियरिंग कॉलेजात न शिकवले जाणारे शास्त्र त्यांना आधीच आलेले असते. जाण्यापूर्वी ती प्रायोजकांची यादी नव्या खजिनदाराच्या हाती देतात आणि कोणाला दुपारी चारनंतर फोन करू नये, हे समासात लिहून ठेवतात.