तारीख बघा, मग तार जोडा

27 जुलै 2019 ची सकाळ बदलापूर-वांगणी पट्ट्यात कोणी विसरलेलं नाही. उल्हास नदीला पूर आला आणि चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफ आली, नौदल आलं, आसपासच्या गावांतली माणसं धावली. त्या सुटकेचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण पूर ओसरल्यावरच्या कामाकडे कोणाचं लक्ष जात नाही. मीटर बॉक्स भिजलेला, स्विचबोर्डात गाळ, भिंतीतल्या पाइपात ओल. अशा घरात लाईट चालू करायला जो माणूस येतो, तो कोण? त्याच्याकडे परवाना आहे का? आणि असला, तर त्याची मुदत कधी संपली?

हा प्रश्न चामटोलीत विचारायचं कारण आहे. कर्जतच्या दिशेने बदलापूर पसरत चाललंय. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली. प्रत्येक नव्या छताखाली वायरिंग होतं, बोअरवेलचा पंप बसतो, एसीचा पॉइंट निघतो. हे काम करणारे हात भरपूर आहेत. चालू परवान्याचे हात किती, हे कोणी विचारत नाही.

आधी नियम समजून घेऊ. बल्ब, पंखा, फ्यूज, बिघडलेला स्विच बदलायला परवाना लागत नाही. मात्र वायरिंग नवीन करायचं, वाढवायचं किंवा फिरवायचं असेल, तर एक नाही, तीन कागद लागतात. काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना हवा. देखरेख करणाऱ्याकडे पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र हवं. आणि प्रत्यक्ष तार ओढणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. 1956 च्या भारतीय वीज नियमांत हेच होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि नंतर 2023 च्या सुरक्षा नियमांतही हेच राहिलं. त्यातच पुढे स्पष्ट लिहिलंय की, हा नियम मोडून केलेलं काम वीजपुरवठ्याला जोडायचंच नाही. नियम इतका कडक आहे. आपल्या गल्लीत तो कुठे दिसतो?

तिन्ही कागद चालू असावे लागतात. ठेकेदाराचं लायसन काचेच्या फ्रेममध्ये लटकतंय, पण त्याच्या पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र लॅप्स झालंय, तर ते दुकान कायद्याच्या दृष्टीने काम घ्यायला पात्र नाही. आपण फ्रेम बघतो आणि समाधान मानतो. बघायची असते ती फ्रेममधली तारीख.

दुसरा गैरसमज घराघरांत आहे. ‘पोरगा आयटीआय झालाय,’ एवढं ऐकलं की आपण घर त्याच्या हाती देतो. अंबरनाथच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्था वीजतंत्री आणि तारतंत्री घडवतात, हे या भागाचं भाग्य आहे. दोन वर्षं घाम गाळून त्या पोरांनी मिळवलेल्या प्रमाणपत्राची किंमत मोठी आहे. पण ते शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. लोकांच्या घरात वायरिंग करण्याचा परवाना राज्याचं परवाना मंडळ देतं आणि तो वेगळा काढावा लागतो. आयटीआयच्या शेवटच्या वर्षात ही गोष्ट प्रत्येक पोराच्या कानावर नीट घातली गेली पाहिजे, अर्ज तिथेच भरून घेतला पाहिजे.

आता सगळ्यात दुखणारी जागा. नवीन मीटर घ्यायला महावितरणच्या ए-वन अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. त्या रिपोर्टचा अर्थ असा की, मी हे वायरिंग तपासलं, इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग पाहिलं आणि ते सुरक्षित आहे. प्रत्यक्षात काम करतो एक, सही करतो दुसरा. सही करणाऱ्याने घराचा उंबरठाही ओलांडलेला नसतो. सहीचे पैसे ठरलेले असतात. घरमालकाला हे ठाऊक असतं आणि तो खूश असतो, कारण मीटर लवकर लागतं. ही सोय नाही, फसवणूक आहे आणि तिच्यात आपण भागीदार आहोत. ज्याने सही विकली त्याचा परवाना गेलाच पाहिजे. ज्याने ती विकत घेतली त्याने आपल्या मुलांना त्या घरात झोपवताना विचार करावा.

‘एवढ्या वर्षांचा अनुभव आहे, कागद कशाला?’ असं अनेक मिस्त्री विचारतात. अनुभवाला मान आहे. पण वीस वर्षांपूर्वीचं घर आणि आजचं घर एक नाही. तेव्हा दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि किटकॅट फ्यूज एवढ्यावर काम भागायचं. आज त्याच घरात गिझर, एसी, इन्व्हर्टर आहे, दारात बॅटरीवरची स्कूटर आहे. बाहेरची लाईट गेली तरी इन्व्हर्टरवरच्या तारा जिवंत राहतात. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावर पॅनल चढू लागली. मेन स्विच बंद केला तरी उन्हात त्या पॅनलच्या तारांमध्ये डीसी वीज असतेच. हे न शिकलेला माणूस पन्नास वर्षं अनुभवी असला तरी त्याला पहिल्या चुकीनंतर दुसरी संधी मिळत नाही.

नियमही थांबलेले नाहीत. 1956 चे गेले, 2010 चे आले, 2023 मध्ये पुन्हा नवे आले. वायरिंगचं भारतीय मानक आयएस 732 हे 2019 साली सुधारलं, अर्थिंगचं आयएस 3043 त्याआधी 2018 साली. घरातल्या अर्थ लीकेज संरक्षणाची मर्यादा 30 मिलिअँपिअर ठरलेली आहे. तरीही पावसाळ्यात ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून ते संरक्षण देणारं उपकरणच बायपास करून देणारे मिस्त्री आहेत. तो ट्रिप होतो कारण कुठेतरी वीज गळतेय. जीव वाचवणारी वस्तू काढून टाकणाऱ्याला कारागीर म्हणू नये.

म्हणून नूतनीकरण म्हणजे फी भरून शिक्का घेणं एवढंच राहू नये. अमेरिकेत वायरिंगची राष्ट्रीय संहिता दर तीन वर्षांनी सुधारते आणि अनेक राज्यांत नव्या नियमांचे तास भरल्याशिवाय परवाना वाढवून मिळत नाही. आपल्याकडेही एक दिवसाची उजळणी सक्तीची करा. अंबरनाथच्या आयटीआयमध्ये रविवारी वर्ग घ्या, इन्सुलेशन मोजणारा मेगर आणि अर्थ टेस्टर प्रत्येकाच्या हातात द्या, तिथेच अर्ज भरून घ्या. रोजंदारीवर जगणाऱ्या वायरमनचा दिवस कार्यालयाच्या पायऱ्यांवर वाया जाता कामा नये. परवाना चालू ठेवणं सोपं करा, मग बिनपरवाना काम करणाऱ्यावर खुशाल कारवाई करा.

विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांतून वर्षानुवर्षं दिसतंय. अपघात झाला की वीज कायद्याच्या कलम 161 खाली चौकशी होते आणि विद्युत निरीक्षक विचारतो की हे काम कोणी केलं. तो प्रश्न आपण काम सुरू होण्याआधी विचारला, तर निरीक्षकाला यावं लागणार नाही.

वायरमनदादांना माझी विनंती आहे. परवाना घरी पेटीत ठेवू नका, खिशात ठेवा आणि कोणी मागण्याआधी दाखवा. त्याने तुमचा भाव वाढेल, कमी होणार नाही. तुमचाही जीव त्याच तारेवर असतो.

सोसायट्यांनी आणि गावाने आपल्या फलकावर चालू परवाना असलेल्या कारागिरांची नावं मुदतीसह लावावीत. गणेशोत्सवाच्या मंडळांनी मांडवाचं वायरिंग त्यांनाच द्यावं. पुराचं पाणी घरात आलं असेल, तर 500 व्होल्टच्या मेगरवर किमान एक मेगाओहम दाखवल्याशिवाय मेन स्विच वर करू देऊ नका. आणि दारात आलेल्या माणसाला पाणी द्या, चहा द्या, पण आधी परवाना मागा, त्यावरची तारीख वाचा. मुदत संपलेल्या परवान्यावर केलेलं काम बिनपरवानाच असतं. ते आपल्या घरात होऊ देऊ नका.